व्यायाम आणि आहार : सुरुवात एकत्र, हिशेब वेगळा

नागपुरात सकाळच्या फिरण्याचा शेवट पुष्कळदा तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर होतो. फुटाळ्याला किंवा सिव्हिल लाइन्सच्या झाडीतून पाऊण तास चालून आलेली मंडळी घाम पुसत पोह्यांची प्लेट हातात घेतात. पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री, तर्रीवर तेलाचा लाल तवंग, वरून शेव, कांदा आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. मग "इतके फिरून आलो, आता काय हरकत आहे" असे म्हणत कोणीतरी आणखी थोडी तर्री मागून घेतो. या बैठकीचे मोल मी कमी लेखत नाही, कारण पुष्कळांना सकाळी अंथरुणातून बाहेर काढते ती हीच संगत. मात्र त्या वाक्यामागे जो व्यवहार गृहीत धरलेला असतो, म्हणजे खाल्लेले चालून फेडता येते आणि चालल्याबद्दल खाण्याचा हक्क मिळतो, तो शरीरशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. व्यायाम आणि आहारबदल एकाच वेळी सुरू करणाऱ्या माणसाचे दोन्ही संकल्प बहुधा याच समजुतीपायी ढासळतात. म्हणून या लेखाचे म्हणणे असे आहे की दोन्ही गोष्टी बरोबरीने सुरू कराव्यात, पण एकीची भरपाई दुसरीकडून मागू नये.

चालण्याने नेमके किती खर्च होते

बैठे काम करणाऱ्या माणसाचे शरीर दिवसभरात जेवढी ऊर्जा वापरते, तिच्यातला साधारण ६० ते ७० टक्के भाग केवळ जिवंत राहण्यावर खर्च होतो. हृदय, मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे यांचे अखंड चालणारे काम आणि शरीराचे तापमान राखणे हे सर्व त्यात येते. खाल्लेले पचवण्यासाठी सुमारे १० टक्के ऊर्जा लागते. उरलेला वाटा हालचालीचा असतो, आणि त्यातही ठरवून केलेल्या व्यायामाचा हिस्सा लहानच असतो. घरातली उठबस, जिने, बाजारहाट, झाडलोट यांचा हिस्सा अनेकांच्या बाबतीत त्याहून मोठा भरतो.

सत्तर किलो वजनाची व्यक्ती ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने अर्धा तास चालली, तर सुमारे १२० किलोकॅलरी खर्च होतात. त्यांपैकी पस्तीसेक किलोकॅलरी ती व्यक्ती खुर्चीत बसून राहिली असती तरी खर्च झाल्याच असत्या, त्यामुळे चालण्याची खरी कमाई ८५ ते ९० एवढीच उरते. दुसऱ्या बाजूला, एक ग्रॅम तेलातून नऊ किलोकॅलरी मिळतात आणि एका मोठ्या चमच्यात सुमारे १४ ग्रॅम तेल मावते. याचा अर्थ, तर्रीबरोबर मोठा चमचाभर तेल पोटात गेले तरी सगळी फेरी भरून निघते आणि वर थोडे उरतेही. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. खाण्यात काहीही न बदलता, रोज न चुकता अर्धा तास चालून एक किलो चरबी उतरवायची म्हटली तर तीन महिने लागतील, आणि तेही कागदावरच्या हिशेबाने.

प्रत्यक्षात शरीर कागदावरच्या हिशेबाने वागत नाही. टांझानियातील हाडझा ही जमात आजही शिकार आणि कंदमुळे गोळा करून जगते. हर्मन पॉन्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोकांच्या दैनंदिन ऊर्जाखर्चाचे मोजमाप २०१२ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा असे आढळले की शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर त्यांचा एकूण खर्च पाश्चात्त्य शहरांतल्या बैठ्या माणसांपेक्षा फारसा वेगळा नव्हता, आणि हे लोक तर दिवसभर चालतात. जास्त हालचाल करणारे शरीर इतरत्र काटकसर करून जमाखर्चाची काही अंशी बरोबरी साधते, असा त्याचा अर्थ लावला जातो. ही काटकसर नेमकी किती आणि कोठे होते यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण केवळ व्यायामाच्या भरवशावर वजन उतरवू पाहणाऱ्यांच्या पदरी निराशा का येते, याचा उलगडा त्यातून बराचसा होतो. शिवाय व्यायामानंतर भूक वाढलेली असते आणि उरलेल्या दिवसात माणूस नकळत जास्त वेळ बसून राहतो, ते वेगळेच.

तर मग व्यायाम करायचाच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर वजनकाट्यावर शोधायचे नसते. स्नायू आकुंचन पावत असताना रक्तातली साखर आत ओढून घेतात, आणि त्या वेळी त्यांना इन्सुलिनच्या निरोपाची वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच ज्यांच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव क्षीण झाला आहे त्यांनाही चालण्याचा फायदा होतो. भारतीय संदर्भातला एक पुरावा येथे महत्त्वाचा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना आहार आणि चालणे यांबाबत नियमित मार्गदर्शन मिळाले, त्यांच्यात सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी राहिले, आणि हा फायदा वजनात फारशी घट न होताही मिळाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्याहूनही अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे महिनाभर फिरूनही काटा हलत नाही म्हणून फिरणे सोडून देणाऱ्या माणसाचे नुकसान त्याला वाटते त्यापेक्षा मोठे असते.

आहार वजन उतरवतो. उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्यात व्यायामाचा मोठा हात असतो. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवली जाते, ज्यांनी किमान साडेतेरा किलो वजन कमी केले आणि ते वर्षभर टिकवले. त्यांतील बहुतेक जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात. या नोंदींवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण वर्षानुवर्षे वजन टिकवणाऱ्यांमध्ये चालणे सोडलेला माणूस क्वचितच सापडावा, एवढे त्यातून नक्की दिसते.

आधी आहार, आधी व्यायाम, की दोन्ही?

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि तो समंजसही वाटतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अॅबी किंग यांनी नेमका हाच प्रश्न तपासला. व्यायाम न करणाऱ्या, ४५ किंवा त्याहून अधिक वयाच्या २०० जणांचे चार गट करण्यात आले. एका गटाने आहार आणि व्यायाम एकदमच सुरू केले, दुसऱ्याने आधी आहार आणि काही महिन्यांनी व्यायाम, तिसऱ्याने आधी व्यायाम आणि मग आहार. चौथ्या गटाला या दोन्हींऐवजी ताणतणाव हाताळण्याचे मार्गदर्शन देण्यात आले. वर्षभर दूरध्वनीवरून पाठपुरावा केल्यानंतर, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, एकदम सुरुवात करणारा गट दोन्ही उद्दिष्टे गाठण्यात सर्वांत पुढे होता. आधी व्यायाम सुरू करणारे त्यांच्या खालोखाल होते. आधी आहार बदललेल्या गटाने आहार चांगला सांभाळला, पण व्यायामाचे उद्दिष्ट मात्र त्यांना गाठता आले नाही.

असे का व्हावे, याचे कारण दोन्ही बदलांच्या स्वभावात आहे. जेवण तर रोज होतेच, त्यासाठी नवा वेळ काढावा लागत नाही. ताटातली एक गोष्ट काढून तिच्या जागी दुसरी ठेवली की काम भागते. व्यायामासाठी मात्र आधीच भरलेल्या दिवसात मोकळी जागा तयार करावी लागते. पहाटे उठून डबे करणारी गृहिणी, बुटीबोरीला पाळीवर जाणारा कामगार, दुकान मिटवून रात्री नऊनंतर घरी येणारा इतवारीतला व्यापारी यांच्या दिवसात अशी जागा आपोआप नसते. आहारबदलाचे चार-सहा महिने गेल्यावर आयुष्याची घडी नव्याने बसते आणि त्या घडीतही व्यायामाला जागा ठेवायची राहून जाते.

यातून माझ्या मते निघणारा व्यवहार्य मार्ग असा, की पहिल्याच आठवड्यात दोन्ही गोष्टींना हात घालावा, पण दोन्हींचा आकार लाज वाटावी इतका लहान ठेवावा. दहा मिनिटे चालणे आणि चहातली अर्धी साखर, एवढेच. जिमचे वर्षभराचे शुल्क भरणे, रात्रीचे जेवण बंद करणे आणि भात वर्ज्य करणे हे तिन्ही एकाच सोमवारी करणाऱ्याला दुसऱ्या आठवड्यात थकवा, अंगदुखी आणि भूक एकदम गाठतात, आणि दोष कशाचा हेच कळेनासे झाल्यामुळे सगळेच सोडून दिले जाते.

सवय जडते म्हणजे काय होते

एखादी कृती ठरावीक ठिकाणी किंवा ठरावीक घटनेनंतर पुनःपुन्हा केली गेली, की ती घटना घडताच कृती करण्याची ओढ आपोआप निर्माण होऊ लागते, आणि दर वेळी मनाची समजूत काढण्याची गरज हळूहळू कमी होते. २१ दिवसांत सवय लागते, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. त्याचा उगम १९६० मध्ये मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने मांडलेल्या निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान तीन आठवडे लागतात, असे त्यांनी लिहिले होते. व्यायामाशी त्याचा काही संबंध नव्हता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नवी कृती अंगवळणी पडण्याचा मध्यक काळ ६६ दिवस निघाला. व्यक्तिव्यक्तीतला फरक मात्र १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता, आणि व्यायामाच्या सवयीला खाण्यापिण्याच्या सवयींच्या सुमारे दीडपट वेळ लागला. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट दिलासा देणारी आहे: अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेला लक्षणीय धक्का बसला नाही.

सवयीला लागणारी खूण कोणती निवडावी, याचा नागपूरकरांनी इतरांपेक्षा जास्त विचार करायला हवा, कारण येथील ऋतू घड्याळाला जुमानत नाहीत. मे महिन्याच्या अखेरीस साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि सात वाजताच ऊन बोचू लागते. डिसेंबरच्या शेवटी सूर्योदयालाच पावणेसात होतात आणि पहाटेची थंडी अंथरूण सोडू देत नाही. "रोज सहा वाजता" असा नियम करणारा माणूस हिवाळ्यात अंधारात अडखळतो, उन्हाळ्यात भाजून निघतो आणि पावसाळ्यात खिडकीतून रस्त्याकडे पाहत बसतो. म्हणून व्यायाम वेळेला न बांधता रोज घडणाऱ्याच एखाद्या घटनेला बांधावा. मुलांची स्कूल बस गेल्यावर घरात परत न येता तसेच पुढे चालायला जाणे, सकाळच्या पहिल्या चहानंतर लगेच बूट घालणे, मेट्रोने कामावर जाणाऱ्याने एक स्थानक आधी उतरणे, या खुणा कोणत्याही ऋतूत त्याच राहतात. "अमुक घडले की मी तमुक करीन" अशा ठाम वाक्यात संकल्प केल्यास तो पाळला जाण्याची शक्यता वाढते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकापासून केलेल्या संशोधनातून दिसून आले आहे. त्या वाक्याला नागपुरात एक पुरवणी जोडावी लागते: पाऊस असेल तर त्याच वेळी घरात जिन्याच्या फेऱ्या किंवा सूर्यनमस्कार. ठिकाण बदलले तरी खूण मोडत नाही.

उन्हाळ्याविषयी आणखी एक गोष्ट. पारा ४५ अंशांवर जातो त्या दिवसांत संध्याकाळी सूर्य मावळल्यावरही सिमेंटचे रस्ते बराच वेळ धग सोडत असतात, त्यामुळे सातच्या फेरीपेक्षा पहाटेची किंवा रात्रीच्या जेवणानंतरची फेरी बरी. वाढत्या उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस वेग आणि वेळ दोन्ही कमी ठेवावेत. घाम खूप आला असेल तर नुसत्या पाण्यापेक्षा मीठ घातलेले ताक किंवा लिंबूपाणी उपयोगी पडते. ज्यांना मीठ कमी करण्यास सांगितले आहे त्यांनी याबाबत डॉक्टरांना विचारावे.

ताटाकडे वळताना

आहार बदलणे म्हणजे विदर्भाचे जेवण सोडून देणे, अशी अनेकांची समजूत असते, आणि तिच्यामुळे ओट्स व सॅलडचे डबे आठवडाभरात कपाटात मागे ढकलले जातात. वास्तविक आपल्या जेवणात बदलण्यासारखे मुख्यतः तीन भाग आहेत: तेल, धान्याचे प्रमाण आणि प्रथिनांची उणीव.

तेलाचा हिशेब पदार्थागणिक करण्यापेक्षा महिन्याच्या डब्यावर करणे सोपे असते. दिवसाला सुमारे २,००० किलोकॅलरींचा आहार घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी स्वयंपाकाचे तेल-तूप मिळून २५ ते ३० ग्रॅम पुरेसे मानले जाते. चार प्रौढांच्या घराला या मापाने महिन्याला साडेतीन ते चार लिटर तेल लागायला हवे. नवा डबा फोडताना त्यावर तारीख लिहावी आणि तो संपेल त्या दिवशी पुन्हा पाहावे. बहुतेक घरांना आपण किती तेल वापरतो याचा पत्ता या तारखांवरूनच पहिल्यांदा लागतो. एकदम निम्मे करण्याऐवजी पुढचा डबा चार दिवस जास्त पुरवायचा, एवढेच ठरवावे. सावजी रस्सा किंवा वरून कडकडीत फोडणी ओतलेला गोळाभात महिन्यातून एकदा तसाच खावा, त्यात काटछाट करून त्याची चव घालवण्यात अर्थ नाही. तेल वाचते ते रोजच्या भाजीत आणि रोजच्या फोडणीत.

येथे एक घरगुती अडचण स्पष्ट बोलली पाहिजे. बऱ्याच घरांत आहार बदलायचा असतो एकाला आणि स्वयंपाक करायचा असतो दुसरीला. माझ्यासाठी वेगळी भाजी, वेगळी पोळी अशी मागणी करणारा माणूस स्वतःच्या संकल्पाचे ओझे तिच्या खांद्यावर टाकतो, आणि असा संकल्प फार काळ चालवून घेतला जात नाही, ते योग्यच आहे. त्यापेक्षा सगळ्यांच्याच भाजीतले तेल थोडे कमी करावे, आणि काकडी-मुळा चिरणे, रात्री कडधान्य भिजत घालणे ही कामे संकल्प करणाऱ्याने स्वतःकडे घ्यावीत.

धान्याविषयी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे की दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा धान्यांतून येऊ नये आणि ताटाचा अर्धा भाग भाज्या व फळांनी व्यापलेला असावा. आपल्याकडे पोळी, भात, सकाळचे पोहे हे सगळे धान्यच असल्यामुळे ही मर्यादा सहज ओलांडली जाते. ज्वारीची भाकरी तंतूंमुळे जास्त वेळ पोट भरलेले ठेवते, हे खरे. पण वजनावारी पाहिले तर ज्वारी आणि गहू यांच्या पिठांतल्या कॅलरी जवळपास सारख्याच असतात, त्यामुळे तीन पोळ्यांऐवजी तीन जाड भाकरी खाल्ल्याने फारसे काही हाती लागत नाही. भाकरी एक कमी करून अंबाडीची भाजी, भरीत किंवा बरबटीची (चवळीची) उसळ वाटीभर वाढवली, तर फरक पडतो. हंगामात संत्री मुबलक असतात, तेव्हा रस न काढता ती सोलून खावीत. एका पेल्यासाठी तीन-चार संत्री पिळली जातात आणि तंतू चोथ्याबरोबर निघून जातात. साखरेचे बहुतेक काम चहातच होते. दिवसाला चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे धरले तर ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० किलोकॅलरी पोटात जातात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २५ ग्रॅमच्या आत राहिलेले बरे.

प्रथिनांचा मुद्दा व्यायाम करणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. कमी खाऊन वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि स्नायू झिजले की अशक्तपणा तर येतोच, शिवाय वजन पुन्हा वाढणेही सोपे होते. ही झीज रोखण्याचे दोन उपाय आहेत: पुरेशी प्रथिने आणि स्नायूंवर भार देणारा व्यायाम. भारतीय प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. वाटीभर पातळ वरणात जेमतेम पाच-सहा ग्रॅम प्रथिने असतात. घरात रोज डाळ शिजते म्हणून प्रथिने पुरेशी मिळतात, हा समज येथे फसतो. वरण घट्ट करावे, एका जेवणात चण्याची किंवा मुगाची उसळ असावी, दोन वाट्या दही किंवा पेलाभर दूध घ्यावे, अंडी चालत असतील तर एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात. तर्री-पोह्यांतला चणा या दृष्टीने गुणाचाच आहे; उसळ जास्त, पोहे कमी आणि तवंग बाजूला सारून तीच प्लेट बऱ्यापैकी न्याहारी ठरते.

चालण्यापलीकडे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम सुचवला आहे. त्या सूचनेचा उत्तरार्ध आपल्याकडे फारसा वाचला जात नाही: आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायामही हवा. त्यासाठी जिमच लागते असे नाही. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून आणि पुढे जमेल तसे जमिनीवर जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, जिना चढणे एवढ्यावर पहिले तीन-चार महिने सहज निघतात. शहरातल्या अनेक बागांत ग्रीन जिमची साधने बसवलेली आहेत, त्यांचाही सुरुवातीला उपयोग होतो. सूर्यनमस्कार उत्तमच, पण त्यात ओढण्याची क्रिया नसल्यामुळे पाठीच्या वरच्या भागासाठी काहीतरी वेगळे करावे लागते. नव्या व्यायामानंतर अंग एक ते तीन दिवस दुखणे स्वाभाविक आहे. सांध्यात टोचणारी किंवा सूज आणणारी वेदना मात्र स्वाभाविक नाही.

ज्यांना सलग अर्धा तास मिळत नाही, त्यांच्यासाठी एक चांगली बातमी आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात टाइप-२ मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून एकदा तीस मिनिटे चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची रक्तशर्करा सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतरचा फरक २२ टक्क्यांपर्यंत होता. आपल्याकडची शतपावली हीच. फक्त शंभर पावले दीड मिनिटात संपतात आणि येथे हजारेक पावले अपेक्षित आहेत.

काटा हलत नाही तेव्हा

आहार कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो वजन उतरते आणि माणूस हरखून जातो. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. साठा घटला की हे पाणी निघून जाते. पहिल्या आठवड्यातले वजन मुख्यतः तेच असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वेग मंदावतो, कधी काटा जागचा हलत नाही. त्यातच नव्याने व्यायाम सुरू केलेल्यांचे स्नायू दुरुस्तीसाठी थोडे पाणी धरून ठेवतात, त्यामुळे चरबी उतरत असूनही वजन तेवढेच दिसू शकते. बरेच लोक सोडून देतात ते याच टप्प्यावर. वजन आठवड्यातून एकदाच, एकाच वेळी करावे आणि त्याबरोबर कमरेचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते. महिन्याला दीड-दोन किलोपर्यंतची घट हा चांगला वेग आहे, त्याहून वेगाने उतरवण्यात स्नायू गमावण्याचा धोका वाढतो.

पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी आणि मे महिन्यातली लग्नसराई या दिवसांत ताट हाताबाहेर जाणारच. उपवासाचेही तसेच, साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याची आमटी मिळून नेहमीच्या जेवणापेक्षा जास्त कॅलरी होऊ शकतात. पण पुरणपोळीच्या दुसऱ्या दिवशी दुप्पट चालण्याची शिक्षा स्वतःला देऊ नये. तसे केले की व्यायामाला दंडाचे रूप येते आणि दंड भरायला कोणी आनंदाने जात नाही. दुसऱ्या दिवशीही रोजचेच चालावे आणि रोजचेच खावे.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना कोणी विचारावे

हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा गुडघ्यांचे जुने दुखणे असलेल्यांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि चाळिशीनंतर पहिल्यांदाच जोराचा व्यायाम करू पाहणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. चालताना छातीत दडपण येणे, ते डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे, भोवळ येणे यांपैकी काहीही जाणवले तर तेथेच थांबून लगेच रुग्णालय गाठावे.

मधुमेहासाठी इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे, कारण खाणे कमी आणि चालणे जास्त असे दोन्ही बदल एकदम झाले की पूर्वीचीच मात्रा जड होऊन रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. म्हणून बदल करण्याआधीच औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. साखर उतरल्याची लक्षणे म्हणजे घाम, थरथर, धडधड आणि गोंधळलेपणा, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात त्यांतील निम्मी लक्षणे उन्हाच्या खात्यावर टाकली जातात. अशा वेळी जवळ ग्लुकोमीटर असेल तर साखर लगेच तपासावी. ती उतरलेली निघाली तर, आणि ग्लुकोमीटर नसेल तेव्हा ती उतरली आहे असेच समजून, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी आणि पंधरा मिनिटे सावलीत बसावे. तरीही बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच साखर घेऊन सोबत कोणाला तरी बोलवावे, आणि एकट्याने गाडी चालवत घरी परतू नये.